जाऊबाईंच्या ताकदीच्या गोळ्या

माननीय अध्यक्ष मोठे डॉक्टरसाहेब, मंचावरचे सगळे पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या मोठ्या सिस्टर, आणि समोर बसलेल्या लेकीबाळींनो! हातात माइक आल्यावर मला कोण आनंद झालाय म्हणून सांगू! शाळा माझी दुसरीपर्यंतच, तेव्हा ऐका जरा सबुरीनं.

गेल्या वर्षी माझा उजवा गुडघा बदलायचा ठरला. ऑपरेशनची भीती नव्हती हो, त्यात झोपवतातच. भीती नंतरच्या दुखण्याची. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "आधीपासून या लसणाच्या तेलाच्या गोळ्या घ्या, नंतर काही कळायचंसुद्धा नाही." त्या दोन म्हणाल्या, मी घाबरून चार घेतल्या. लेकाला पत्ता नाही. डॉक्टरांनी विचारलं, "औषधं कुठली चालू?" मी बीपीची सांगितली. बिनचिठ्ठीच्या, ताकदीच्या गोळ्यांना औषध कोण म्हणतं?

ऑपरेशनच्या सकाळी मी स्ट्रेचरवर. भीतीनं दातखीळ बसावी, तर कवळी आधीच काढून ठेवलेली! ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी याच मोठ्या सिस्टर माझ्यावर वाकल्या. "आजी, घरातल्या कुणी काही घ्यायला सांगितलं होतं?" असं मला कुणी विचारलंच नव्हतं. मी रडत रडत जाऊबाईंसकट सगळं ओकले. सिस्टरनी स्ट्रेचर जागीच थांबवलं.

"आजी, त्यानं रक्त थांबायला वेळ लागू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत न्यायचं नाही."

ऑपरेशन पंधरा दिवस पुढे गेलं. गोळ्यांचा आधार गेला, वर रक्ताची नवी धास्ती. लेक म्हणाला, "आई, मला तरी सांगायचंस!"

सिस्टर, आठवतं? मी विचारलं, "खूप दुखेल?" तुम्ही थापा मारल्या नाहीत. म्हणालात, "दुखेल. पण सोसत बसायचं नाही, मला हाक मारायची." दुखलं हो. ब्रह्मांड आठवलं. मी हाक मारली, तुम्ही इंजेक्शन घेऊन आलात, आणि डोळा लागेपर्यंत हलला नाहीत.

आता पुढच्या महिन्यात डावा गुडघा. आणि तुम्ही आज चाललात. इथं हसतेय खरी, पण भीती परत आलीय. नव्या सिस्टर, तुम्ही दाराशी का उभ्या? पुढे या, मला चेहरा बघून ठेवू दे. यंदा तुम्ही विचारायच्या आधीच मी सगळं सांगेन. तुम्ही फक्त हाकेला या.

बोलू दिलंत, उपकार झाले. कुणाला काही लागलं असेल तर म्हातारीचं बोलणं पोटात घाला.