तेच बोट तीनदा

पॅरिसमधल्या एका छापखान्यात छपाईच्या मऊ धातूच्या पाट्यांवर स्वरलिपी ठोकणारी ओदिल त्यातलीच एक पाटी मांडीवर घेऊन मालकांच्या दाराबाहेर बसली होती. आत लेस्त्रादबाई तावातावानं बोलत होत्या. थोर पियानोवादक मास्तरांच्या त्या शेवटच्या शिष्या. मास्तरांच्या रचना आणि बाईंनी वहीत लिहिलेल्या त्यांच्या आठवणी इथं एकत्र छापल्या जात होत्या.

“बाई, मास्तरांनी पेन्सिलनं सुरांवर लिहिलेले बोटांचे आकडे बघा,” मालक म्हणाले. “एकच बोट लागोपाठ तीन सुरांवर? आम्ही तिथं तीन वेगळ्या बोटांचे आकडे घातलेत.”

“कुणाला विचारून?”

“मास्तर तेव्हा आजारी होते. पेन्सिल थरथरली असेल.”

“जिना चढवायला त्यांना दोन माणसं लागायची, पण पेन्सिल कधी थरथरली नाही. तुम्ही जिला चूक म्हणताय ना, ती शिकताना मी महिनाभर रडलेय!”

“पण पाच बोटं असताना…”

“मीही हेच विचारलं होतं. म्हणाले, ‘गाताना दर सुराला गळा बदलतेस का?’”

“प्रोफेसर लोक हसतील हो!”

“खुशाल हसू देत. आकडे बदलणार असाल, तर माझ्या आठवणीही छापू नका. द्या ती वही इकडे.”

“अहो, पाटी ठोकून झालीये! आता कोण बदलणार?”

ओदिलनं पाटी उलटी केली आणि मागून ठोकून ते बदललेले आकडे सपाट करायला हातोडी उचलली.