मागच्या पायांची हाडं

उलानबातरच्या मटणाच्या दुकानात दुलमाआजींच्या पुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या.

“मागचेच पाय का गं मागतेस, होंगोर?”

“घोट्यांची हाडं हवीत, ताई. बाहेर थंडी नि कोळशाचा धूर, पोरं घरात कोंडलेली. हाडांचेच फासे नि हाडांचेच घोडे करून शर्यत लावली, की घर शांत!”

“मग आणखी कशाला?”

“थोरला सगळी हाडं जिंकून बसलाय. धाकटी दोघं भोकाड पसरतात.”

“दे की एक धपाटा!”

“दिला. म्हणतो, जिंकलेली परत देत नसतात.”

“भारीच हट्टी! कितवीत आहे?”

“कितवीत कसला! नवरा आहे माझा.”

दुलमाआजी पुढे सरकल्या. “मलाही मागचेच दे रे बाबा. आमच्याकडचा थोरला सत्तरीचा आहे.”