बार्बराबाईंच्या टॅनवर हळद

...आणि वर मलाच विचारते, "बाबा, तुम्ही गिऱ्हाइकाला आंघोळीचं का विचारलंत?" आता तुम्हीच सांगा, समोरचा माणूस अंगावरचा रंग गेला म्हणून भांडायला आलाय, त्याला आंघोळीचं नाही विचारायचं तर काय मुलांच्या शाळेचं विचारायचं? ही माझी मुलगी सुलेखा. इथे अमेरिकेत, अल्फारेटा नावाच्या गावात तिचं टॅनिंग सलून आहे. म्हणजे गोऱ्या माणसांना सावळं करून देण्याचं दुकान. हसा, हसून घ्या, मीही पहिल्यांदा खूप हसलो होतो... आता त्याच दुकानाच्या काउंटरवर बसतो.

बसतो म्हणजे काय, बसवलंय. उभी नोकरी मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या टेबलावर काढली, हे सुलेखाला माहीत. ग्रीन कार्डावर इथे आलो, दोन महिने सोफ्यावर बसून पुस्तकं वाचली, तर एक दिवस म्हणाली, "बाबा, कंप्लेंट्स तुम्ही हँडल करा ना, मला बोलता बोलता रडायला येतं." म्हटलं त्यात काय एवढं? आमच्याकडे तर माणसं रिकामी घागर घेऊन यायची, टेबलावर आपटायची आणि माझ्या सगळ्या घराण्याची विचारपूस करायची. पण तुम्हाला सांगतो, घागर परवडली. इथला माणूस ओरडत नाही हो. तो हसतो. हसत हसत म्हणतो, "आय ॲम जस्ट अ लिटल कन्सर्न्ड." हे वाक्य कानावर पडलं की समजायचं, आपलं काही खरं नाही. पण माझं काय, मी आपला ऐकून घेतो.

तर रंग दोन तऱ्हेचे. एक दिव्यांच्या पेटीत झोपून भाजून घ्यायचा, दुसरा उभ्याउभ्या फवारून घ्यायचा. काही औषधांनी कातडी लवकर भाजते, म्हणून पेटीत जाण्याआधी सुलेखा प्रत्येकाला विचारते, काही औषध चालू आहे का? नाही, म्हणतात. परवा एक दांडगा गडी आला, नाकापासून पोटापर्यंत बिटासारखा लाल. म्हणे तुमची मशीन खराब आहे. मी विचारलं, गोळ्या कसल्या चालू आहेत? तर म्हणे दाताच्या. मग सांगितलं का नाहीत? तर म्हणे, दाताच्या गोळीचा कातडीशी काय संबंध? म्हटलं, दात काय एकटाच झोपला होता का पेटीत? ... हे मराठीत म्हटलं. इंग्रजीत म्हटलं, आय ॲम व्हेरी सॉरी सर, डॉक्टरांना दाखवा आणि तोवर उन्हापासून लांब राहा. दुसऱ्या एक बाई, फवारा मारून घेतला आणि तशाच तापवलेल्या खोलीत योगासनं करायला गेल्या. घाम आला, रंग ओघळला, दंडापासून पोटरीपर्यंत नुसते पट्टे. मला म्हणतात, "हा टॅन मला सूट झाला नाही." आता शीर्षासनात कुठला रंग सूट होतो, हे मला ठाऊक नाही. मी आपला ऐकून घेतो.

पण बार्बराबाईंचं प्रकरण निराळं. तिथे ऐकून भागण्यासारखं नव्हतं.

आमचे इथले डॉक्टर श्रीराम, त्यांची मुलगी उर्वी, मी इथे आल्या दिवसापासून मला काका म्हणते. हां, 'काका' एवढा एकच शब्द मराठी, बाकी सगळं इंग्रजी. तिचं लग्न टायलरशी ठरलं. लग्न शनिवारी. टायलरची आई बार्बरा, ओहायोतून आलेल्या, एकट्या राहतात, स्वभावाने इतक्या गरीब की दारात पायपुसणं दिसलं तर त्यालाही सॉरी म्हणतील. उर्वीने त्यांच्यासाठी मोरपंखी साडी घेतली होती, ब्लाउज बिनबाह्यांचा. बाईंना वाटलं, या साडीवर आपले पांढरेफटक हात कसे दिसतील? म्हणून गुरुवारी संध्याकाळी आमच्या सलूनमध्ये येऊन फवारा मारून घेतला. सुलेखाने बजावलं, सकाळपर्यंत पाणी नको, नंतरही अंग घासायचं नाही, तेल लावायचं नाही. बाईंनी सगळं अक्षरशः पाळलं. पाळलं नाही ते आमच्या लोकांनी.

कारण शुक्रवारी सकाळी हळद. आता इथली हळद तुम्ही बघितलीच असेल, कॅटररच्या वाटीतून बोटभर घ्यायची, गालाला टेकवायची, फोटो काढायचा, टिश्यूने पुसायची. पण त्या दिवशी हळदीचा ताबा होता आमच्या नंदाकडे. नंदा म्हणजे आमच्या सौभाग्यवती. तिने आदल्या रात्रीच हळद, बेसन, साय, तेल असं कालवून ठेवलेलं. तिचं मत असं, की हळद लावायची तर अंगाला कळली पाहिजे. मुलाला लावली, मुलीला लावली, मग म्हणे, "मुलाची आई ती, तिला कोरडी कशी ठेवायची?"

मी तेव्हा काउंटरवर. मला यातलं काही माहीत नाही. दुपारी दार उघडलं, बार्बराबाई आत आल्या. दोन्ही हात पुढे केले आणि हसून म्हणाल्या, "आय ॲम जस्ट अ लिटल कन्सर्न्ड."

तुम्हाला सांगतो, जुन्या भिंतीचे पोपडे निघाले की आतले तीन-चार रंग दिसतात ना, तसे ते हात. इथे तपकिरी, तिथे गुलाबी, कडेकडेने पिवळं. बाईंना वाटलं, आपल्याला रोग झाला. म्हणाल्या, "तुमचा स्प्रे मला बाधला. हे दुसऱ्याला लागणारं असेल तर? मी उद्या लग्नाला येणार नाही, टायलरला तसं कळवलंय. हॉटेलमध्येच थांबेन. एकुलता एक मुलगा आहे हो माझा." एवढं म्हणून हसल्या, आणि डोळ्यांतून पाणी. तेवढ्यात उर्वीचा फोन. "काका, प्लीज डू समथिंग, टायलर म्हणतोय मॉमशिवाय वेडिंग नाही." बघा, अर्धं का होईना, हे मात्र मराठीत सुचलं तिला. पोर इतकी घाबरली होती.

सुलेखाचा चेहरा असा, की आता ही तक्रार करणारीच्याही आधी रडणार.

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. तक्रारीचं असं असतं, माणूस शेवटून सुरुवात करतो, त्याला हळूहळू मागे न्यावा लागतो. खाज? नाही. आग? नाही. पुरळ? नाही. आंघोळ? ... इथे सुलेखाने माझा पाय दाबला. आंघोळ नाही. बरं, मग काल इथून गेल्यापासून या हातांना हात कोणाकोणाचा लागला?

बाई म्हणाल्या, "एक हिरव्या साडीतल्या बाई होत्या. इतक्या प्रेमळ! इतक्या... स्ट्राँग!"

आणि तेव्हा मला तो वास आला. हळदीचा, सायीचा. अख्ख्या अल्फारेटात एवढं प्रेमाने आणि एवढ्या जोराने घासणारा हात एकच आहे, आणि त्याचा अनुभव माझ्या पाठीला दर दिवाळीला येतो. आता माझी अवस्था बघा. खरं सांगावं तर बायको गुन्हेगार ठरते, दोन घरांची सोयरीक मांडवाच्या दारातच आंबते. गप्प बसावं तर मुलीच्या दुकानाला बट्टा लागतो, आणि ही बाई रोगाच्या भीतीने हॉटेलात. एका बाजूला बायको, एका बाजूला मुलगी. असल्या वेळी शहाणा माणूस काय करतो? मी आपला ऐकून घेत होतो.

तेवढ्यात दार उघडलं आणि हिरवी साडी आत आली. एका हातात डबा, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. "अहो, जेवून घ्या, मसालेभात आणलाय." मग बाई दिसल्या. "अगंबाई, विहीणबाई, तुम्ही इथे कशा?"

बार्बराबाई उठून उभ्या राहिल्या. "दॅट्स हर!"

नंदाने डबा माझ्या हातात दिला, बाईंचा हात धरला, उजेडात नेला, उलटा केला, सुलटा केला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा, अर्धवटच राहिलं की नाही? तरी मी म्हणत होते, पानं वाढायची घाई करू नका."

सुलेखा ओरडली, "आई! तो रंग होता. मी काल लावलेला. तू घासून काढलास."

"रंग?" नंदा म्हणाली. "मला काय माहीत? मला वाटलं, प्रवासाचा मळ. घासावं तितका निघतोय, निघतोय... म्हटलं बिचारी एकटी राहते, हिला कोण घासून देणार?"

बाई मला विचारतात, त्या काय म्हणाल्या? आता 'मळ' या शब्दाचं इंग्रजी मला येतं हो, पण सगळंच यायला पाहिजे असं नाही. मी म्हटलं, ही माझी पत्नी. ती म्हणते, तुमची कातडी अगदी ठणठणीत आहे, फक्त तिचं काम जेवणामुळे अर्ध्यावर राहिलं. तुमच्या मुलाची हळद तुम्हाला लागली, म्हणून रंग सुटला. रोगबिग काही नाही.

"म्हणजे हे आशीर्वादासारखं आहे?" बाईंनी विचारलं. म्हटलं, हो, जरा जोरात दिलेला. बाई पहिल्यांदा खरं हसल्या, कन्सर्न्ड नसलेलं.

मग काय, उरलेलं उटणं नंदाच्या पिशवीत होतंच. सुलेखाने मागची खोली दिली. आतून नंदाचं मराठी आणि बाईंचं इंग्रजी, दोघी एकमेकींना तासभर सगळं सांगत होत्या आणि एकीलाही दुसरीचं कळत नव्हतं, त्यामुळे एकदाही मतभेद झाला नाही. बाहेर आल्या तेव्हा हात सगळीकडून सारखे, लख्ख. पुन्हा फवारा मारायचा म्हणून सुलेखाने रंगांच्या छटांचं कार्ड पुढे केलं. हलका, मध्यम, गडद. बाईंनी कार्ड बाजूला सारलं. आपला हात नंदाच्या हाताशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "दिस वन. मला हा हवा."

नंदाने मला विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. तर तिने आपलाच हात उजेडात धरला. आम्ही तिला बघायला गेलो तेव्हा माझी आत्या म्हणाली होती, मुलगी सावळी आहे, पण गुणाची वाटते. त्यातले गुण सगळे विसरले, ही तो 'पण' तेवढा चाळीस वर्षं जपून आहे. ती आपल्या हाताकडे बघत बसली, जणू कोणी नुकताच आणून दिलाय.

लग्न झोकात झालं. मोरपंखी साडीत बार्बराबाई अशा दिसत होत्या की डॉक्टरांच्या बहिणीने त्यांना मुलीकडच्या समजून मराठीत गाऱ्हाणी सांगितली. दोघी विहिणी-विहिणी म्हणून नंदा आणि बाई हात शेजारी धरून फोटो काढत होत्या. नंदा मुलीची कोणी लागत नाही, पण तिला हे सांगायचं कोणी?

आनंद आहे, तक्रार नाही. फक्त एक झालंय. नंदा येताना देशातून गोरं होण्याच्या क्रीमच्या ट्यूबा घेऊन आली होती, वर्षाच्या बेगमीला. लग्नानंतर तिने ती लावायची बंद केली. म्हणते, "नको बाई, माझा रंग बिघडेल." पण फुकट घालवायची तिची जात नाही. त्यामुळे रोज सकाळी ती मला लावते, चोळून, जोर तोच. आणि परिणाम असा, की परवा एक नवीन बाई काउंटरवर आल्या, माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, आणि हसून म्हणाल्या, "आय ॲम जस्ट अ लिटल कन्सर्न्ड... तुमच्याकडचा रंग टिकत नाही का हो?"