छतावरची खूण

शहाद्याच्या एसटी स्टँडवर नवापूरच्या रेवाबाई बसची वाट पाहत होत्या. शेजारी कोरीटची एक मावशी आणि हौसेनं विमान उडवणारी तिची भाची.

"वरीसमा कितलादाव उडस तू?"

"दोनदाच, मावशी. रजा, हवा आणि क्लबचं विमान, तिन्ही एकाच दिवशी जुळावं लागतं."

"मंग मन्हा घरवर काबर उनी नही?"

"आले होते. तुझं छतच ओळखू आलं नाही."

"खूण म्हनीसन लाल मिरच्या वाळाले टाकेल व्हत्यात मी!"

"मावशी, वरून सगळं नंदुरबारच लाल दिसत होतं."

मावशीला हसता हसता ठसका लागला.

"आते पापड टाकसू. कव्हय येशी?"

"होळीनंतर."

रेवाबाईंना राहवेना.

"पोरी, नवापूरवरून जाशील ना? मी काय वाळत घालू?"