सोळाजणींतली हिल्ला

हेलसिंकीच्या स्केटिंग हॉलमध्ये, कॉफीच्या रांगेत, माझ्यापुढे एक आजी आणि त्यांची लेक.

"सगळ्यांचे अंबाडे सारखे, लिपस्टिकसुद्धा सारखी. आपली हिल्ला ओळखायची कशी?"

"ओळखायचीच नाही, आई. हातात हात धरून सोळाजणी एकीसारख्या फिरल्या पाहिजेत. एक वेगळी दिसली की सगळ्यांचे गुण जातात."

"हा कसला मेला खेळ? मी ओउलूहून दिवसभर गाडीत बसून आले."

"मागच्या वेळीही आलीस. हिल्ला, हिल्ला करून हाका मारल्यास. तिनं मान वळवली आणि अख्खी रांग वाकडी झाली."

"पोरीनं आजीकडे बघायचंही नाही?"

"बर्फावर नाही. आज पुन्हा बघितलंन तर कोच तिला संघातून काढणार आहेत. सकाळपासून घास उतरला नाहीये तिच्या घशाखाली."

"हळवी आहे. तुझ्यावर गेलीये."

"आणि तुला पहिल्याच रांगेत बसायचंय."

"वर, त्या खांबामागे जागा दिसतेय."

"तिथून काय कप्पाळ दिसणार तुला?"

"तिला मी दिसणार नाही ना? तू कॉफी आण, मी जागा धरते."