अण्णांची खुर्ची

हसा लेको, पण मुलुंडच्या साइटवर मी हे डोळ्यांनी पाहिलंय. सत्तरच्या आसपासची गोष्ट. स्लॅबखालचे टेकू काढताना आमचे मालक अण्णा स्वतः खाली खुर्ची टाकून बसायचे. म्हणायचे, "मीच घाबरलो तर लोकांनी इथे राहायचं कसं?"

अण्णा वारले. पुढच्या स्लॅबखाली त्यांच्या मुलाने नुसतीच खुर्ची ठेवली. आम्ही चहा पिऊन आलो, तर खुर्ची बाहेर, रस्त्याकडे तोंड करून. कोणीच हलवली नव्हती.

मुकादमाने हातोडा खाली ठेवला. "छोटे शेठ, अण्णा उठून गेले. आता तुम्ही बसा, मग टेकू काढतो."

छोटे शेठ खुर्चीकडे बघत पुटपुटले, "तोडा स्लॅब. सिमेंट मीच कमी घालायला लावलंय."