खांबावरचा आवाज

न्हाई न्हाई, संघपालभाऊ, तुमची काहीच चूक न्हाई — उलट एवढ्या गर्दीतून तुम्ही हिला हाताला धरून घरापर्यंत आणून सोडलं, एवढं कोण करतं आजकाल — बसा, चहा घेतल्याशिवाय जायचं न्हाई. चतुर्थीची जत्रा आहे, हरवलेल्यांच्या बूथवर माणसं खोळंबली असतील, म्हाईत आहे मला, पण बोलणारं तर मशीन आहे ना, तुम्ही घटकाभर न्हाई बसले तरी ते बोलतच राहील. ऐका — 'कडूबा नावाचा मुलगा, अंगात पिवळा शर्ट, पाण्याच्या टाकीजवळ उभा आहे' — ओट्यावर बसून बराबर ऐकू येतं. तो कर्णा माझ्याच दुकानातला. राजूरची सगळी गर्दी ज्या आवाजानं हलते तो आवाज बद्रीशेठचा, हे पोरासोरांना म्हाईत होतं. आता आवाज तोच आहे, बद्रीशेठ ओट्यावर.

काय सांगितलं तिनं तुम्हाला? — हां. 'हे जे बोलून राह्यले त्यांची मी.' दुसरं सांगणारच न्हाई ती. नवऱ्याचं नाव घेत न्हाईत आमच्याकडच्या बाया, डोकं ठिकाणावर असो की नसो. त्याच्यावरून सांगतो — जाफराबादकडची एक साळूबाई म्हणून म्हातारी चुकली अन् लोकांनी माझ्या बूथवर आणून बसवली. मालकाचं नाव काय, तर मान खाली. देवाचं आहे का? मान हलली. रामाचं? न्हाई. महादेवाचं? हसली. मंग मी एकेक महादेव घेत निघालो — वेरूळ, औंढा, परळी — नाशकाला पोचलो तर बाईनं तोंडाला पदर लावला. माईकवर म्हणलं, जाफराबादचे त्रिंबकराव, जिथं असाल तिथून जल्दी या, बाई रुसायच्या आत या. सगळी जत्रा हसली. तुमचं मशीन असं हसवत न्हाई, पण खरं ते खरं — सकाळपासून त्यानं जेवढी माणसं भेटवली तेवढी मी कधीच भेटवली न्हाई. ते थकत न्हाई, चहाला उठत न्हाई. मी धंद्यातला माणूस आहे, चांगल्या मालाला वाईट म्हणणार न्हाई.

अन् मी शाळा शिकलो न्हाई तरी समजून घेतलं आहे बरं का. त्या आवाजाला कडूबा कोण, टाकी कुठं, काही म्हाईत न्हाई. एका आवाजामागून दुसरा कोणता येतो, त्याचा नुसता अंदाज लावत जातं — बद्रीशेठ असता तर कसा म्हणला असता, एवढंच. अंदाज शिकवायला माल लागतो, तो मीच दिला. तुमचे मशीनवाले साहेब म्हणले, शेठ, तुमचा आताचा घसा बसलेला आहे, काम व्हायचं न्हाई. बराबर बोलले. माईकपुढं जिंदगी गेल्यावर घसा राहतो का? मंग मी ट्रंकेतल्या कॅसेटी काढल्या, लग्नानंतरच्या सालातल्या. म्हणलं घ्या, हा माझा तरणा आवाज. खुश झाल्तो मी, भाऊ. लेकीला, दैवशालाला फोन करून सांगितलं, तुझा बाप मेला तरी खांबावर राहणार.

चहा थंड होऊन राह्यला. घ्या ना.

हिचा विसर तसा आधीपासूनच. ध्यानातून आधी नातवंडं गेली, मंग लेक गेली, पण मला ओळखायची. म्हणजे — कधी ओळखायची, कधी न्हाई. तर तुमच्या मशीनचा आवाज खांबावरून पहिल्यांदा आला त्या दिवशी तिनं आपल्या हातानं केस विंचरले, लुगडं बदललं. मला वाटलं, सुधारली. मला म्हणते, मामा, तुम्ही आता उठा, घरचे येऊन राह्यले. मामा. मी म्हणलं, अगं, तो मीच. तर म्हणते, तुमच्या घशात त्यांचा आवाज न्हाई, तुम्ही बोलू नका, मला भ्या वाटतं.

तुमच्या साहेबाला फोन केल्ता मी. बंद करा म्हणलं. ते म्हणले, शेठ, कायमचा दिला आहे तुम्ही. बराबर आहे, विकलेला माल परत होत न्हाई, हे मीच गिऱ्हाइकांना सांगत आलो. अन् बंद करून तरी काय? मंग तिला मी पण न्हाई अन् तो पण न्हाई.

खरी अडचण वेगळीच आहे. कालपासून जेवली न्हाई ती. मालक घरात नसताना परक्याच्या हातचं कसं खाऊ, म्हणते. सून असती तर — दैवशाला तीर्थपुरीहून निघाली आहे, पोचल तेव्हा पोचल. म्हणून म्हणतो, तुम्ही मोबाईलवर लिहिता तेच ते बोलतं ना? खांबावर नको, इथंच, हळू आवाजात. लिहा — 'अगं, ऐकलं का, मला यायला उशीर आहे. घरात ते मामा आहेत, चांगला माणूस आहे. त्यांच्या हातचं जेवून घे.' — 'चांगला माणूस' काढून टाका, स्वतःला कोण म्हणतं असं. — न्हाई, राहू द्या. त्याच्याशिवाय ऐकायची न्हाई ती.

थांबा, वरणात पोळी कुस्करून आणतो. — हं, लावा.

पाहा, पदर सावरला. माझ्याकडं न्हाई, मोबाईलकडं पाहून राह्यली. लावा, परत एकदा लावा. — घेतला. घास घेतला.

ते तेवढं माझ्या मोबाईलमध्ये टाका अन् निघा तुम्ही, संघपालभाऊ. दार हळू ओढा. मी आता बोलत न्हाई — माझा आवाज आला की ती घास थुंकून टाकते.